परजिल्ह्याच्या कोर्टाचं समन्स गावात आलं तर

वाटणीच्या दाव्यात लांबच्या कोर्टाचं समन्स आलं की घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, घेऊच नका, परत पाठवा. दुसरा म्हणतो, घ्या पण राहू द्या पडून. वावर आपल्या ताब्यात आहे, पुण्यात बसून कोण काय करतं ते पाहू. दोन्ही सल्ले घर बुडवणारे आहेत. कायद्यानं लांबच्या माणसाची सोय बरीच करून ठेवली आहे. गप्प बसणाऱ्याची मात्र काहीच केलेली नाही. ही सोय कुठे कुठे आहे आणि ती वेळेत कशी वापरायची, ते इथे सांगतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक कुटुंब डोळ्यांपुढे घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका गावात आजोबांचं पंधरा एकर वडिलार्जित वावर आणि राहतं घर आहे. आजोबा पुण्यात नोकरीला होते, तिथे त्यांनी पगारातून एक प्लॉट घेतला. मृत्युपत्र न करता ते वारले, पुढे आजीही गेली. त्यांची तीन मुलं: मोठे बाबा, तुमचे वडील आणि आत्या. मोठे बाबा पुण्यातच राहिले, तुमच्या वडिलांनी गावात कास्तकारी केली, आत्या उमरखेडकडे दिलेली. मोठे बाबा आणि वडील आता हयात नाहीत. मोठ्या बाबांच्या मुलानं पुण्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला आहे. त्यात प्लॉट, वावर, घर, सगळं घातलं आहे, आणि प्रतिवादी म्हणून तुम्हाला, तुमच्या आईला आणि आत्याला जोडलं आहे.

आधी कागद नीट वाचा

समन्स म्हणजे गुन्ह्याचा कागद नाही. अटक, पोलीस, जामीन यातलं काहीही इथे नाही. तुमच्याविरुद्ध अमुक मागणी आली आहे, तुमचं म्हणणं येऊन मांडा, एवढंच कोर्ट सांगतं.

सगळ्यात वर कोर्टाचं नाव असतं. ते दोनदा वाचा, कारण इथे बरेच जण फसतात. पुण्याचं कोर्ट पुष्कळदा समन्स दारव्ह्याच्या कोर्टाकडे पाठवतं आणि तिथला ओळखीचा बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, घरी येतो. मग माणूस समजतो की दावा दारव्ह्यात आहे, पेशीच्या दिवशी तिथे जाऊन बसतो, आपलं नाव पुकारलंच नाही म्हणून घरी येतो. तिकडे पुण्यात मात्र त्याची गैरहजेरी लागलेली असते. बेलिफ कुठलाही असो, दावा समन्सच्या माथ्यावर लिहिलेल्या कोर्टातच आहे.

त्याखाली दाव्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष असतं. मग वादी आणि प्रतिवादींची नावं. आपण कितवे प्रतिवादी ते पाहून ठेवा, दाव्यात पुढे सगळीकडे तुमचा उल्लेख त्या आकड्यानंच येणार आहे. नंतर पेशीची तारीख आणि वेळ, आणि समन्स मुद्दे, म्हणजे कोर्टानं ठरवायचे वादाचे प्रश्न, काढण्यासाठी आहे की थेट अंतिम निकालासाठी, ते. सोबत दाव्याची म्हणजे वादपत्राची प्रत असायलाच हवी. नुसता समन्सचा एक कागद आला असेल, तर पोच देताना त्यावरच ‘दाव्याची नक्कल मिळाली नाही’ असं लिहून सही करा. सही करताना खाली तारीख घाला. लिफाफा फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे कामाला येतो.

दावा खरोखर दाखल आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकला की दाव्याची सगळी कुंडली दिसते: कोण वकील, मागच्या पेशीला काय झालं, पुढची तारीख कोणती. सीएनआर छापलेला नसेल तर जिल्हा आणि कोर्ट निवडून दाव्याच्या क्रमांकावरून शोधा. हल्ली मोबाईलवर खोटे कागद पाठवून ‘पैसे भरा नाहीतर वॉरंट निघेल’ असं धमकावणारेही आहेत. वाटणीच्या दाव्यात कोर्ट कधीही फोन करून पैसे मागत नाही.

घेतलं नाही म्हणून टळत नाही

पोस्टमन गावातलाच असतो. त्याला ‘घरी कोणी नाही असं लिहून दे’ म्हणणं सोपं वाटतं. पण दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे १९०८ चा कायदा, याचा विचार करून बसलेला आहे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन पाकीट परत गेलं की समन्स रीतसर बजावलं गेलं असं कोर्ट जाहीर करतं. तुम्ही घरी नसाल आणि लवकर परतण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाकडे, मग ती बाई असो की पुरुष, समन्स देता येतं. तेही जमलं नाही तर बेलिफ दाराला चिकटवून पंचांच्या नावासह अहवाल पाठवतो. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर समन्स छापून येतं, आणि ते तुम्ही वाचलं असं धरलं जातं.

टाळण्यातून हाती काय लागतं? दाव्याची प्रत मिळत नाही, समोरचा काय म्हणतो ते कळत नाही, आणि दिवस मात्र मोजले जात राहतात.

दोन वेगळी घड्याळं

समन्सवरची पेशीची तारीख ही एक मुदत. दुसरी मुदत समन्सवर ठळक दिसत नाही, पण जास्त महत्त्वाची आहे: समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, दाखल करायचं. कारण देऊन मागितलं तर कोर्ट ही मुदत वाढवू शकतं, पण समन्स बजावल्यापासून ९० दिवसांपर्यंत. त्यापलीकडेही साध्या दिवाणी दाव्यात दार पूर्ण बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं आहे. मात्र ती अपवादाची वाट आहे, तिच्या भरवशावर बसू नका.

पेशी दोन महिन्यांनी असेल तर लोक समजतात की तोवर काही करायचं नाही. तिसावा दिवस मधेच निघून जातो. उलट पेशी पंधरा दिवसांवर असेल तर घाबरतात, की एवढ्यात कागद कुठून आणू. त्या पहिल्या पेशीला तुमच्या वकिलानं हजर होऊन वकीलपत्र लावलं आणि कैफियतीसाठी मुदतीचा अर्ज दिला, तरी पुरतं. पेशीला कुणीच उभं राहिलं नाही, तर दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम होतो.

स्वतः पुण्याला जावं लागतं का?

सुरुवातीला बहुतेक वेळा नाही. पक्षकारानं वकिलामार्फत हजर राहणं कायद्याला मान्य आहे. संहितेत एक जुना नियम अजून आहे: सार्वजनिक वाहतुकीची सोय असली तरी दोनशे मैलांच्या, म्हणजे साधारण तीनशे वीस किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्या पक्षकाराला जातीनं हजर राहण्याचा हुकूम कोर्टानं देऊ नये. दारव्हा ते पुणे रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर जातं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत काम टाकून दरेक पेशीला धामणगावहून रेल्वे धरायची आहे, अशी भीती मनात असेल तर ती काढून टाका.

व्यवहारात असं चालतं. तालुक्याच्या ओळखीच्या वकिलांकडे दाव्याची प्रत घेऊन जा. ते पुण्यातला वकील सुचवतात, किंवा कैफियत स्वतः तयार करून तिकडच्या वकिलामार्फत दाखल करतात. याचा फायदा मोठा आहे: वावराचे कागद वाचता येणारा माणूस तुमच्याजवळ राहतो. पुण्यातल्या वकिलाला तुमच्या भागातले १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, जुने खसरे, धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून झालेले फेरफार यांची सवय असेलच असं नाही. वकीलपत्रावर गावातून सही करून पाठवता येते. कैफियतीच्या शेवटचं सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी सांगणं, आणि प्रतिज्ञापत्र दारव्ह्याच्या नोटरीसमोर होतं. फी किती, कशासाठी, प्रत्येक पेशीची वेगळी की एकदम, हे सुरुवातीलाच लिहून घ्या आणि दिलेल्या पैशांची पावती मागा.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला उत्पन्न न पाहता हा हक्क आहे. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तुमच्या तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे द्या, दावा पुण्यात असला तरी. १५१०० हा त्यांचा मोफत दूरध्वनी क्रमांक. तुमची आई आणि आत्या दोघींनाही ही सोय आहे, आणि ती मागायला लाजण्याचं काहीच कारण नाही.

दावा पुण्यात कसा?

जमिनीच्या वाटणीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात लावायचा, हा मूळ नियम. पण मिळकती वेगवेगळ्या जिल्ह्यांत असतील तर त्यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी सगळ्यांचा मिळून दावा लावता येतो. आपल्या उदाहरणात पुण्याच्या प्लॉटमुळे दावा तिथे बसतो.

तो प्लॉट नसता, आणि चुलतभाऊ पुण्यात राहतो एवढ्याच कारणानं त्यानं तिथे दावा लावला असता, तर तुमची हरकत भक्कम होती. वादीच्या सोयीनं जमिनीचं कोर्ट बदलत नाही. मात्र ही हरकत पहिल्याच संधीला, मुद्दे काढण्याआधी घ्यावी लागते. पाच वर्षं दावा लढून मग ‘हे कोर्टच चुकीचं’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

दावा दोन्हीकडे लावता येण्यासारखा असताना तो दारव्ह्याला वर्ग करून मागायचा असेल, तर अर्ज उच्च न्यायालयाकडे करावा लागतो, तोही मुद्दे निघण्याआधी आणि समोरच्यांना नोटीस देऊन. बहुतेक मिळकत आणि साक्षीदार तुमच्याकडे आहेत, हे सांगण्यासारखं कारण आहे. नुसतं ‘लांब पडतं’ एवढ्यावर मालमत्तेच्या दाव्यात फारशी आशा ठेवू नये. आणि अर्ज केला म्हणून कैफियतीची मुदत थांबत नाही.

कैफियत: दावा इथेच उभा राहतो किंवा पडतो

माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ द्यावा असा हा एकच कागद आहे. दाव्यातला एखादा परिच्छेद असा असतो:

‘दावा मिळकती वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या असून त्यांचे सरसनिरस मानाने वाटप झालेले नाही. प्रतिवादी क्र. १ हा शेतमिळकतीचे संपूर्ण उत्पन्न एकटाच उपभोगत असून वादीने वारंवार मागणी करूनही हिस्सा देण्यास टाळाटाळ करीत आहे.’

घाईत याला एका ओळीत उत्तर दिलं जातं: ‘परिच्छेद ५ मधील मजकूर खोटा असून मान्य नाही.’ हे उत्तर धोक्याचं आहे. त्या दोन वाक्यांत पाच वेगळ्या गोष्टी आहेत: मिळकत वडिलार्जित आहे, ती एकत्र आहे, वाटप झालं नाही, उत्पन्न तुम्ही एकटे घेता, आणि मागणी करूनही दिलं नाही. ज्या गोष्टीला स्पष्ट, नेमका नकार दिलेला नाही ती कबूल आहे असं कोर्ट धरू शकतं. गोलमोल नकारही चालत नाही.

समजा १९९८ मध्ये मोठ्या बाबांनी आणि तुमच्या वडिलांनी वावर वाटून घेतलं. नाल्याकडचं साडेसात एकर त्यांना, विहिरीकडचं साडेसात एकर तुमच्या वडिलांना. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज झाला, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले. मोठे बाबा आपला भाग मक्त्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला, देत आणि दर पाडव्याला पैसे घेऊन जात. मग उत्तर कसं हवं? पुण्याचा प्लॉट वडिलार्जित नाही, तो आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत होता, हे एक. वावर वडिलार्जित आहे हे मान्य. पण ते एकत्र आहे हे मान्य नाही. १९९८ च्या वाटणीनं ते वेगळं झालं, फेरफार क्रमांक अमुक, तेव्हापासूनचे सातबारे सोबत जोडले आहेत, हे दुसरं. संपूर्ण उत्पन्न आम्ही घेत नाही. नाल्याकडचा भाग वादीचे वडील मक्त्यानं देत आणि मक्ता घेणाऱ्याचं नाव हे, हे तिसरं. मागणी कधी, कुणासमोर, कशी झाली ते वादीनं सांगितलेलं नाही आणि तशी मागणी झालेली नाही, हे चौथं. खरं आहे ते मान्य केल्यानं तुमची बाजू कमजोर होत नाही, उलट तुमच्या नकारावर विश्वास बसतो. आणि न झालेली वाटणी झाली असं लिहू नका. कैफियत शपथेवर असते.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘वीस वर्षांपासून मीच पेरतो, म्हणजे वावर माझं.’ हिस्सेदारांमध्ये असं होत नाही. एका हिस्सेदाराचा ताबा कायद्याच्या नजरेत सगळ्यांच्या वतीनं असतो. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारून, त्याला माहीत असताना, बारा वर्षं ताबा ठेवला असं सिद्ध करणं फार अवघड असतं. तसंच सातबाऱ्यावर एकट्याचं नाव आहे म्हणून मालकी एकट्याची ठरत नाही. सातबारा महसुलाची नोंद आहे. ती खरी असल्याचं गृहीत धरतात, पण पुराव्यानं ती खोडता येते.

तुम्ही वावरात घातलेला पैसा मात्र जरूर मांडा. विहीर खोल केली, बोअर मारली, पाइपलाइन टाकली, पड जमीन वहितीखाली आणली, त्याच्या पावत्या, कर्जाचे कागद, वीजजोडणीची तारीख द्या. प्रत्यक्ष तुकडे पाडताना सुधारणा केलेला भाग जमेल तेवढा सुधारणा करणाऱ्याच्या वाट्याला द्यावा, असं कोर्ट पाहतं. हे कैफियतीत आलंच नाही तर नंतर कोण ऐकणार?

दाव्यात काय नाही, तेही शोधा. एखादी मिळकत वगळली आहे का? एखादा वारस सुटला आहे का? वाटणीच्या दाव्यात सगळे हिस्सेदार आणि सामाईक मिळकती यायला हव्यात. या दाव्यात प्रतिवादीही एका अर्थानं वादीच असतो: तुम्ही स्वतःच्या हिश्श्यावर कोर्ट फी भरून तोही वेगळा करून मागू शकता. चुलतभावाला प्लॉट हवा असेल तर तुमचाही त्यात हक्क आहे, हे विसरू नका.

आत्याचं समन्स

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितो, कारण इथे होणारा अन्याय घरातला असतो आणि त्याची कुठे नोंद होत नाही.

आत्याच्या सासरी समन्स पोचतं. तिला वाटतं, भावांच्या भांडणात आपण कशाला. मग भाचा येतो, म्हणतो, आत्या, तू कोर्टात यायचं काम नाही, फक्त इथे सही कर, आमचेच वकील तुझंही बघतील. आत्या माहेर तुटू नये म्हणून सही करते. त्या वकीलपत्रावर मग एकत्र कैफियत दाखल होते आणि तिच्या तोंडी वाक्य येतं की माझा या मिळकतीत काही हक्क नाही, लग्नात मला सगळं मिळालं.

तिचा हक्क नेमका काय आहे ते पाहा. पुण्याचा प्लॉट आजोबांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्र नाही, आजीही मृत्युपत्र न करता गेलेली. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तीन मुलांचे तीन सारखे हिस्से, आणि एक तृतीयांश आत्याचा. वडिलार्जित वावरात २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं हिस्सेदार झाली. तिचे वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात नसले तरी तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी या दुरुस्तीतून वाचते, पण ती नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं, म्हणजे दाव्याच्या निकालाच्या अंतिम लेखी आदेशानं, झालेली असावी लागते. तोंडी वाटणी सरकारी कागदांच्या भक्कम आधारानंच आणि अपवाद म्हणूनच मान्य होऊ शकते. म्हणजे वर सांगितलेली १९९८ ची वाटणी चुलतभावाविरुद्ध तुम्हाला उपयोगी पडेल, पण ज्या वाटणीत आत्याला बोलावलंच नव्हतं ती तिच्याविरुद्ध टिकेल असं धरून चालू नका.

म्हणून भाच्याचं आणि आत्याचं हित इथे एक नाही, आणि दोघांचा वकील एकच असू नये. आत्याला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. त्यासाठी हक्कसोडपत्र लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि त्यावर काय लिहिलं आहे हे तिला आधी वाचून दाखवायला हवं. समन्सच्या कागदांत घुसवलेली सही हा मार्ग नाही.

हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबात हिस्से त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे पडतात. अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्याकडच्या गोंड, कोलाम, कोरकू कुटुंबांना, हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही. त्यांच्यात रूढी काय आहे हे पाहावं लागतं, आणि वकिलाला ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

निशाणी ५

समन्ससोबत पुष्कळदा आणखी एक नोटीस असते: मनाई हुकूम का देऊ नये याचं कारण दाखवा. आपल्या कोर्टांत या अर्जाला निशाणी ५ म्हणतात. दावा चालू असताना जमीन विकू नये, गहाण ठेवू नये, कुणा तिसऱ्याचा हक्क निर्माण करू नये, असा हुकूम त्यात मागितलेला असतो. यावर वेगळं म्हणणं द्यावं लागतं, आणि त्याची तारीख कैफियतीच्या आधीची असू शकते.

हुकूम झाला तर शब्द न् शब्द वाचा. ‘विकू नये’ असा हुकूम असेल तर पेरणी करायला आडकाठी नाही. पण तो मोडून विक्री केली तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. तुम्हालाही भीती असेल की चुलतभाऊ प्लॉट विकून मोकळा होईल, तर तसाच हुकूम त्याच्याविरुद्ध मागता येतो. वावर तुमचं अडकलेलं आणि प्लॉट मात्र मोकळा, अशी स्थिती राहू देऊ नका.

उशीर झालाच असेल तर

एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला, निकाल मात्र लागलेला नाही, अशी अवस्था असेल तर चांगलं कारण देऊन तो हुकूम रद्द करून मागा. कारणाचा पुरावा जोडा: दवाखान्याचे कागद, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं समन्स. हुकूम रद्द झाला नाही तरी दावा ज्या टप्प्यावर आहे तिथून पुढे भाग घेता येतो.

निकालच लागला असेल तर ३० दिवसांच्या आत तो रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो. हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा माहीत झाल्यापासून. बजावणीत किरकोळ दोष होता, पण तुम्हाला पेशीची तारीख माहीत होती आणि वेळही होता, असं दिसलं तर अर्ज टिकत नाही. म्हणून कळल्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या आणि दाव्याचा रोजनामा, म्हणजे दर पेशीला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, काढून घ्या. समन्स कुणाला, कधी, कसं बजावलं हे तिथेच कळतं.

साक्षीपुराव्याला मात्र

एक वेळ अशी येते की तुम्हालाच बोलावं लागतं. सरतपासणी, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते, उलटतपासणी समोरासमोर. तुमच्या मनातलं, तुम्ही पाहिलेलं, मुखत्यारपत्र दिलेला माणूस तुमच्या वतीनं सांगू शकत नाही. म्हातारपण, आजार, अंतर ही कारणं देऊन कोर्ट कमिशनरमार्फत इकडेच साक्ष घ्या किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सनं घ्या, असा अर्ज करता येतो. मक्ता करणारे, तेव्हाचे पोलीस पाटील, शेजारचे धुरेकरी, या साक्षीदारांची वयं पाहता हा अर्ज लवकर केलेला बरा.

तडजोड कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, मध्यस्थी केंद्रात किंवा लोकअदालतीत. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सर्व हिस्सेदारांच्या सह्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या भागाचा गट क्रमांक, क्षेत्र, चतु:सीमा त्यात स्वच्छ लिहिलेली असावी.

निकालानंतर

वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो: कुणाचा किती हिस्सा. तो चुकीचा वाटला तर अपील त्याच वेळी करावं लागतं. नंतर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात हिश्श्याचा वाद पुन्हा उकरता येत नाही.

प्लॉट आणि घर यांचे भाग कोर्ट कमिशनर पाडतो. शेतसारा लागणारी जमीन मात्र कोर्ट स्वतः वाटत नाही. कायद्याप्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. म्हणजे हिस्से पुण्याच्या कोर्टानं ठरवले तरी वावराचे तुकडे यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडतात, तहसीलदार नोटिसा काढतात आणि भूमी अभिलेख खात्याचे भूमापक मोजणीला वावरातच येतात. त्या मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, रस्ता आणि पाण्याची वाट कुणाच्या भागात जाते ते नकाशावर पाहा, आणि तुमच्या भागाला रस्ता उरत नसेल तर तशी लेखी हरकत तहसीलदारांकडे तेव्हाच देऊन पोच घ्या.